मामांच्या शर्टांची गोधडी: कात्री लावण्याआधी काय विचारायचं आणि मग कसं शिवायचं

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चार महिन्यांपूर्वी तुमचे मामा अचानक गेले. मागे मामी, 19 वर्षांचा मुलगा, 12 वर्षांची मुलगी आणि तुमची आजी. तुम्ही कोथरूडला, मावश्या आणि भावंडं साताऱ्याला, नाशिकला, एक बहीण बंगळुरूला. अशा तुम्ही 11 जणांनी मिळून मामांच्या शर्टांची एक गोधडी शिवायची आणि पहिल्या दिवाळीला मामींच्या हातात अचानक ठेवायची, असं ठरवलंत. शिवणकाम फक्त एका मावशीला येतं. आजी म्हणते, गेलेल्याचे कपडे घरात ठेवू नयेत. कापड किती लागेल, शिवायचं कसं आणि दोन महिन्यांत होईल का, हे तुम्ही विचारलंय.

दोन महिन्यांत बरंचसं होईल. शिवण न येणाऱ्यांनाही जमेल, कारण गोधडीचा धावदोरा हा एका दुपारी शिकता येणारा टाका आहे. पण ते 'अचानक' तेवढं मनातून काढून टाका. मामींना विचारल्याशिवाय एकाही शर्टाला कात्री लावू नका.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते, कारण माझ्या हातून हे एकदा घडलं आहे. मी 30 वर्षं पुण्यात गोधड्या शिवते आणि शिकवते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक सूनबाई सासऱ्यांचे सात शर्ट घेऊन आल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशी सासूबाईंना गोधडी द्यायची होती, तोवर त्यांना कळू द्यायचं नव्हतं. मीही काही विचारलं नाही. शर्ट धुतले, इस्त्री केले, कापले, मन लावून शिवले. सासूबाईंनी गोधडी उलगडली, कौतुकानं हात फिरवला, आणि एका निळ्या चौकड्याच्या तुकड्यावर त्यांचं बोट थांबलं. म्हणाल्या, "हा मी उशीखाली ठेवत होते. मला वाटलं, धुण्यात गेला." तो शर्ट त्यांनी मुद्दाम धुतला नव्हता. त्याला यजमानांचा वास होता. मी त्याचे नऊ तुकडे केले होते. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, पण त्या शर्टाचं पुढे काहीच करता येण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्याकडे कुणीही गेलेल्या माणसाचे कपडे घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो, हे कपाट कुणी उघडलं?

मामींना विचारायला 11 जणांनी जाऊ नये. ज्या माणसासमोर मामी मोकळेपणानं नाही म्हणू शकतील अशा एकानंच जावं. तुमची आई त्यांची नणंद. नातं गोड असेल तर उत्तम, पण नणंदेला नाही म्हणणं पुष्कळ बायकांना अवघड जातं, हे लक्षात ठेवा. कदाचित मामींची सख्खी बहीण जास्त योग्य ठरेल. तुमच्या पत्रात मामींच्या माहेरचं कुणीच नाही, हे मला खटकलं. त्यांनाही घ्या. विचारताना सरळ विचारा: "दादाच्या कपड्यांतले काही वापरून तुमच्यासाठी आणि मुलांसाठी गोधड्या शिवाव्यात असं आमच्या मनात आहे. तुम्हाला चालेल का? आज सांगायला हवं असं काही नाही." आणि मग खरोखर त्या दिवशी उत्तर मागू नका.

हो म्हणाल्या, तर कपाट त्यांनी उघडायचं. कपडे पलंगावर काढून तीन ढीग करा. कात्री लावायला चालेल ते एक, जसेच्या तसे ठेवायचे ते दुसरे आणि आज ठरवायचं नाही ते तिसरे. तिसरा ढीग सगळ्यात मोठा झाला तरी होऊ द्या. मुलांनाही तिथे बसवा. बारा वर्षांची मुलगी एखादा असा शर्ट उचलते की मोठ्यांना त्यात काहीच दिसत नाही. तिला मात्र सहलीचा दिवस आठवत असतो, किंवा शाळेत सोडायला आलेले बाबा. एक कपडा न धुता, जाड प्लॅस्टिकच्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवून द्या. वास कायमचा टिकत नाही, तरी बराच काळ राहतो. दवाखान्यात अंगावर होते ते कपडे गोधडीत घेऊ नका. इतक्या वर्षांत ते हवेत असं म्हणणारं मला कुणी भेटलेलं नाही.

आता आजींबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका, आणि त्यांच्या नकळतही काही करू नका. त्यांचा मुलगा गेला आहे. कपडे देऊन टाकायची रीत पुष्कळ घरांत आहे. पण कापड देणं आपल्या दुःखाच्या रितीतच आहे, हेही त्यांना ठाऊक असेल. दुखवट्याचा आहेर म्हणून नातेवाईक लुगडं, टॉवेल, टोपी घेऊन येतात ते कशासाठी? घरातल्या माणसांच्या अंगावर आपल्याकडचं कापड पडावं म्हणूनच. तुमची गोधडी या आहेराच्या जवळची आहे.

माझी स्वतःची आठवण सांगते. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नव्हे. आजोबा आदल्या वर्षी गेले होते. त्यांची धोतरं-उपरणी तेराव्यानंतर सासवडला आत्याकडे पाठवली होती, शेतावरच्या गड्यांना वाटायला. घरात त्यांचं उरलं होतं ते काठी, चष्मा, पंचांगं. ते सगळं पाण्यानं नेलं. भिंतींवर चिखलाची रेघ आणि आजीच्या अंगावर कुणाचं तरी दिलेलं लुगडं, एवढंच मला आठवतं. पंधरा दिवसांनी आत्या बोचकं घेऊन आली. त्यात एक गोधडी होती. दोन धोतरं तिनं वाटलीच नव्हती. ती आतला भर म्हणून घालून वरून स्वतःची दोन लुगडी लावली होती. आजी शेवटपर्यंत त्या गोधडीवर झोपली. मी पहिला टाका घातला तो त्या गोधडीचा एक कोपरा उसवला होता तेव्हा, आत्याच्या शेजारी बसून.

तुमच्या आजींना मामांचे शर्ट नको वाटत असतील तर त्यांच्याकडे त्यांचंच जुनं नऊवारी मागा. माझा अनुभव असा की बहुतेक आज्या ते देतात, आणि दिल्यावर सोबत येऊन बसतातही. आईचं लुगडं गोधडीच्या पोटात गेलं की त्यांच्या मनातली अडचण पुष्कळदा आपोआप सैल होते. नाही झाली तर ती गोधडी त्यांच्या खोलीत ठेवू नका, एवढं पथ्य पाळा.

एक गोधडी करू नका, तीन करा. मामी आणि दोन मुलं अशा तिघांत एकच गोधडी आली की ती कपाटात जाते, कारण ती कुणाची हे ठरत नाही. मुलगा उद्या शिकायला बाहेरगावी गेला तर त्याच्या बॅगेत बसेल असं त्याचं स्वतःचं काहीतरी हवं. तीन म्हटल्यावर घाबरू नका, माप लहान ठेवू.

टाके घालून गेलेल्यांची आठवण ठेवणं परदेशातही आहे. अमेरिकेत एड्सनं गेलेल्यांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेतून एक प्रचंड गोधडी तयार झाली. ऑक्टोबर 1987 मध्ये ती वॉशिंग्टनला पहिल्यांदा मैदानावर अंथरली तेव्हा तिच्यात 1,920 तुकडे होते, आणि प्रत्येक तुकडा 3 फूट बाय 6 फूट, म्हणजे माणसाला पुरायला लागते तेवढ्या जागेचा. पुष्कळांना सरकारनं आणि समाजानं दुर्लक्षिलं होतं, म्हणून ती सगळ्यांनी पाहावी यासाठी होती. मामींची गोधडी पांघरण्यासाठी आहे. म्हणून तिचं माप खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीपासून पावलांपर्यंत घ्या. साडेतीन फूट रुंद आणि साडेचार फूट लांब पुरते. अशी गोधडी हातानं धुता येते, दुपारी सोफ्यावर ओढून घेता येते, आणि नवशिक्यांच्या हातून पुरीही होते.

हिशेब असा. वरच्या थराला शिवून 6 इंच भरतील असे चौकोन घ्या. कापताना 7 इंचांचे कापा, चारही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच दाब जातो. आडवे 7 आणि उभे 9, म्हणजे एका गोधडीला 63 चौकोन. जुन्या शर्टातून धड असे 10 चौकोन सहज निघतात. पाठीचा भाग सगळ्यात मोठा आणि कमी झिजलेला असतो. पण सगळे चौकोन मामांच्या शर्टांचे घेऊ नका. बुद्धिबळाच्या पटासारखे मांडा, एक मामांचा आणि शेजारचा तुमच्यापैकी कुणाच्या तरी कपड्याचा. आईची साडी, साताऱ्याच्या मावशीचा ब्लाउजपीस, बंगळुरूच्या बहिणीचा कुर्ता, मामींच्या भावाचा शर्ट. असं मांडलं की मामांचे 32 चौकोन लागतात आणि इतरांचे 31. तिन्ही गोधड्या मिळून मामांचे दहा शर्ट पुरतात, बाकीचे मामींच्या कपाटात राहतात.

या मांडणीत चारही कोपरे मामांचे येतात आणि अगदी मधला चौकोन इतरांच्या वाट्याला येतो. तिथे सध्या आजींच्या लुगड्याचा साधा चौकोन जोडा. ही जागा ज्याची गोधडी त्याच्यासाठी. मामींनी, मुलानं, मुलीनं आपल्या पसंतीचा तुकडा नंतर तिथे ठिगळासारखा वरून लावायचा. तो कशाचा असावा हे सुचवू नका.

आतल्या भराला आणि अस्तराला नऊवारीसारखं कापड नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, पन्हा, म्हणजे रुंदी, 45 इंचांचा धरला तरी आपल्याला पुरतो. 56 इंचांचे तुकडे फाडले तर एका लुगड्यातून पाच थर निघून वर गोटाच्या, म्हणजे कडेला लावायच्या, पट्ट्यांपुरतं कापड उरतं. प्रत्येक गोधडीत वरचा चौकोनांचा थर, पोटात दोन आणि खाली एक असे चार थर ठेवा. म्हणजे तीन गोधड्यांना नऊ थर, दोन लुगडी. आमच्या आत्याच्या गोधडीत सात-आठ थर होते, पण ते तिच्या हाताला जमायचं. नवख्या माणसाची सुई पाचव्या थराला अडकते, बोट दुखतं आणि तो उठून जातो. लुगडं कापू नका, काठाला कात्रीनं चीर देऊन हातानं फाडा. धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. हे काम आजींना द्या. ऐंशीच्या घरातल्या बाईला सुईत दोरा ओवता येत नाही, पण लुगडं सरळ कसं फाडायचं ते तिच्याइतकं कुणाला येत नाही.

कापडांबद्दल थोडं. सुती आणि टेरीकॉट शर्ट एकत्र चालतात. पँटचं जाड कापड हाताच्या सुईला दाद देत नाही, त्याची गोधडी ठेवायला पिशवी शिवा. टी-शर्ट ताणतो, म्हणून त्याच्या मागे शिंप्याकडची पेस्टिंग इस्त्रीनं चिकटवून मगच चौकोन कापा. स्वेटर कापलात की उसवत जातो, तो जसाच्या तसा राहू द्या. रेशमी साडी घडीवर चिरते, तिला मागून मलमल लावा, आणि जरीचा काठ चेहऱ्याला खरखरतो म्हणून तो पायाच्या बाजूला घ्या. नवं, गडद कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. रंग फडक्यावर उतरला तर ते वापरू नका. मामांच्या शर्टाच्या पांढऱ्या चौकोनावर शेजारच्या चौकोनातलं लाल पसरलं तर तो डाग निघणार नाही.

खिसा उसवू नका. खिशासकट चौकोन कापा आणि वरची बाजू उघडी ठेवून, हात सहज जाईल अशा जागी लावा. मुलीच्या गोधडीत एक खिसा हवाच. खिशावर पेनाच्या शाईचा डाग असेल तर तो घालवायच्या फंदात पडू नका, आधी विचारा. डाग असलेलाच तुकडा हवा असं मला दोनदा तरी सांगितलं गेलंय. बटणपट्टी बटणं लावूनच शिवून घ्या आणि पायाच्या बाजूला ठेवा. कॉलर घेऊ नका, तिची घडी फार जाड होते.

चौकोन जोडायचं काम मशीनवर करा, तुमच्या शिवणाऱ्या मावशीला हे तीन-चार दिवसांचं काम आहे. हातानं जोडण्याचा आग्रह मी धरत नाही. मशीनचा जोड पक्का बसतो आणि सगळ्यांचा वेळ धावदोऱ्याला मिळतो. पण धावदोरा मात्र हातानंच घाला. हल्ली पुण्यात मशीनवर गोधडी शिवून देणारे आहेत आणि ते चांगलं कामही करतात. तुमच्या बाबतीत मात्र सगळ्यांचे हात लागणं हेच खरं काम आहे, ते पैसे देऊन बाहेर करून घ्यायचं नाही.

दोरा आणि सुया बोहरी आळीत मिळतील. कुणाला पुण्याची ओळख करून द्यायची असेल तर वाटेत बुधवार पेठेतला पासोड्या विठोबा दाखवा. पासोडी म्हणजे जाड पांघरूण. तिथे पूर्वी पासोड्यांचा बाजार भरे, त्यावरून देवाचं नाव पडलं, असं जुनी माणसं सांगतात. तिथून बोहरी आळी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. जाड सुती दोरा घ्या, एका गोधडीला 100 मीटर धरा. नायलॉनचा दोरा घेऊ नका, तो मऊ पडलेल्या जुन्या कापडाला कापतो. सुया लांब आणि मोठ्या नेढ्याच्या घ्या. अंगुस्तान प्रत्येकाला हवंच, पहिल्या दिवशी ते बोटात अडचण वाटेल, दुसऱ्या दिवशी शोधत याल.

आता थर लावणं. ही पायरी घाईनं केली की पुढे काही सुधारत नाही. फरशी स्वच्छ पुसून वाळू द्या. घरात दोन फुटी टाइल्स असतील तर त्यांच्या रेघांवर कापडाची कड लावा, काटकोन आपोआप मिळतो. आधी अस्तर, उलटी बाजू वर. त्यावर पोटाचे दोन थर, मग चौकोनांचा थर. प्रत्येक थर मधून बाहेर हातानं सारखा करत या, आणि कडांवर जड पुस्तकं किंवा पाट ठेवा. मग कच्च्या दोऱ्यानं लांब-लांब टाके घालून टाचा, मधून सुरू करून बाहेरच्या कडेकडे, चार-चार बोटांच्या अंतरानं. टाचताना कंटाळा केला तर शेवटी मधे फुगा येतो, आणि मधला भागच आपल्याला सगळ्यात महत्त्वाचा आहे. कडेला चौफेर गोट दुमडून शिवून घ्या.

शिवायला उलट दिशेनं, म्हणजे कडेपासून आत जायचं. कडेलगत पहिला फेरा, त्याच्या आत एक इंचावर दुसरा, असं चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे सरकायचं. आमच्याकडे गोधडी अशीच शिवली जायची. चार बाजूंना चौघं बसू शकतात, कुणी पुढे गेलं तर थांबतं, कुणी मागे राहिलं तर दुसरं त्याच्या बाजूला येतं. इंचात तीन-चार टाके आले तरी पुरे. अशा गोधडीत 21 फेरे होतात, सगळे मिळून 190 फुटांच्या आसपास धावदोरा. नवखा माणूस तासाला दहा फूट घालतो, म्हणजे एका गोधडीला 19-20 तास. तिन्हींचे 60 तास धरा, 11 जणांत वाटले की प्रत्येकी साडेपाच तास. सगळ्यांना पुण्यात जमता आलं तर दोन रविवारांत आटपतं. बंगळुरूच्या बहिणीला सुट्टे चौकोन पाठवून काही साधणार नाही. तिच्या कपड्याचे चौकोन तिच्याकडून मागवा, आणि त्यातल्या तीन चौकोनांवर, प्रत्येक गोधडीसाठी एक, तिनं तिकडेच तिला हवी ती रेघ किंवा अक्षर धावदोऱ्यानं घालून पाठवावं.

शेवटचे चार फेरे घालू नका. साधारण वीतभर रुंद आणि दोन वीत लांब एवढी मधली जागा मोकळी राहील. टाचण तशीच ठेवा, आणि एका सुईत दोरा ओवून ती गोटात टोचून ठेवा. दिवाळीत मामींच्या घरी फराळ घेऊन जाल, पहिल्या वर्षी त्यांच्याकडे काही करणार नाहीत, तेव्हा या अशा अपुऱ्या गोधड्या घेऊन जा. मधला तुकडा त्यांनी निवडायचा, राहिलेले फेरे त्यांनी घालायचे. त्या दिवशी घालतील, किंवा थंडी पडल्यावर. मुलगा कदाचित दोन वर्षं हातच लावणार नाही. टाचण पक्की असेल तर तशीही पांघरता येते. एका घरातल्या मुलानं लग्न ठरल्यावर, पाच वर्षांनी, माझ्याकडे येऊन आपले चार फेरे पुरे केले. म्हणून तुमच्या प्रश्नाला 'बरंचसं होईल' असं उत्तर दिलं. पुरी व्हायची तारीख तुमच्या हातात नसलेली बरी.

शिवायला बसाल तेव्हाच्या दोन-तीन गोष्टी. सुया मोजून द्या आणि उठताना मोजून घ्या. एक जरी कमी भरली तर सापडेपर्यंत गोधडी घडी करू नका. लोहचुंबक फिरवा, तळव्यानं चाचपू नका. चहा गोधडीपासून लांब, दुसऱ्या खोलीत. बोलणं आपोआप मामांवर येईल, तेव्हा विषय बदलू नका आणि मुद्दाम काढूही नका. हाताला काम असलं की माणूस मान खाली घालून बोलू शकतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. जे तेराव्याला बोलले नव्हते ते इथे बोलतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. कुणी मधेच उठून गॅलरीत गेलं तर जाऊ द्या, त्याची सुई त्याच्या जागी राहू द्या.

आणि कुणाचाही टाका उसवायचा नाही. हे मी वर्गात पहिल्यांदा सांगते आणि सगळ्यात जास्त वेळा सांगते. एका घरी दहा वर्षांच्या मुलानं आजीच्या गोधडीवर नागमोडी टाके घातले. रात्री एका काकूंनी ते उसवून सरळ घातले, चांगल्या मनानंच. सकाळी त्यानं आपली रेघ शोधली, सापडली नाही, आणि तो परत गोधडीजवळ बसलाच नाही. टाका वाकडा असेल तर असू दे. फक्त फार लांब टाक्यात पायाचं बोट किंवा जोडवी अडकते. तसा असेल तर उसवू नका, मधून दुसरा टाका घालून त्याला धरून ठेवा.

धुण्याचं आत्ताच सांगून ठेवते. वर्षातून एकदा, मे महिन्यात, टबात थंड पाणी आणि रिठ्याचं पाणी घालून पायानं तुडवा. पिळू नका, दाबून पाणी काढा, आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा, एका दोरीवर ओझ्यानं टाके ताणले जातात. पावसाळ्यात धुवू नका, पोटातला थर वाळत नाही आणि कुबट वास धरतो. एरवी महिन्या-दोन महिन्यांनी ऊन दाखवलं की पुरे.

शेवटी, मामी नाही म्हणाल्या तर. म्हणू शकतात, आणि त्याचा अर्थ तुमचं प्रेम नको असा नसतो. तरीही गोधड्या करा, पण तुमच्या सगळ्यांच्या कपड्यांच्या, तीच मांडणी, तेच आजींचं लुगडं पोटात. मामांच्या चौकोनांच्या जागी तुमच्या घरांतल्या पुरुषांचे शर्ट येतील. मधली जागा तशीच मोकळी ठेवा, पुढे कधी मामांचा तुकडा लावावासा वाटला तर तिथे लावता येईल. आणि मामांचे कपडे मामींनी आवरायला सांगितले, तर ते स्वच्छ सुती कापडात गुंडाळून पिशवीत ठेवा, सोबत वेखंडाचा एक तुकडा. पिशवीचं तोंड शिवू नका, नुसतं नाडीनं बांधा.